कंट्रोल म्हणून माझं रक्त

आमच्या प्रयोगशाळेत निरोगी माणूस म्हणजे मी. कुणी तपासून ठरवलं नव्हतं. मी सगळ्यांच्या आधी हजर असायचे आणि सुईला घाबरायचे नाही, एवढीच माझी पात्रता. बाकी मी एक नंबरची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, फोनवर सरांचं, म्हणजे माझ्या गाईडचं, नाव दिसलं तरी दचकते. पण बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काढायचं म्हटलं की मला काही म्हणजे काही वाटत नाही.

जळगावात राहून पेशींच्या भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते असं सांगितलं की आमच्याकडचे लोक "बरं बरं" म्हणतात आणि केळीच्या करप्यावर काही औषध निघालंय का ते विचारतात. त्यांना दोष कशाला देऊ, माझ्या नवऱ्यानेही पहिल्यांदा तेच विचारलं होतं. खरं तर काम समजायला अवघड नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींना केसाहून बारीक नळ्यांतून जावं लागतं. तिथे त्या दबतात, लांबट होतात, आणि पलीकडे गेल्या की पुन्हा गोल होतात. सिकलसेल असलेल्या माणसाच्या पेशी ताठर असतात, त्या नळीत अडकतात आणि माणूस दुखण्याने तळमळतो. त्या किती ताठर, हे मी मोजत होते. त्यासाठी आमच्याकडे लेझरचा चिमटा आहे. प्रकाशाच्या किरणात एकच पेशी धरायची, दोन्हीकडून हलकेच ताणायची, सोडायची, आणि ती किती लवकर मूळ आकारावर येते ते बघायचं.

रुग्णांचं रक्त दवाखान्यातून यायचं, पश्चिमेच्या डोंगराळ तालुक्यांतल्या लेकरांचं. ते आणायला मीच जायचे. तिथल्या लांबलचक बाकावर त्यांच्या आया बसलेल्या असायच्या. मी त्यांच्याकडे न बघता आत जायचे आणि न बघता बाहेर यायचे. त्या काही विचारतील आणि माझ्याकडे उत्तर नसेल, ही भीती. मग या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. त्याला कंट्रोल म्हणतात. कंट्रोल मी. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे, बाहेरचा माणूस कोण शोधत बसणार, त्यापेक्षा आपलं बोट काय वाईट. परवानगीच्या कागदावर "निरोगी स्वयंसेवक" असं लिहिलेलं होतं. स्वयंसेवक तर मी होतेच. आणि निरोगी कशी नसेन?

आता कुणी म्हणेल, बाई, तुझं हिमोग्लोबिन लहानपणापासून कमी, तू कसली निरोगी. तर ऐका. रक्त कमी असणं हा आमच्याकडे आजार समजतच नाहीत, तो बाईपणाचाच भाग. धुळ्याला देवपुरात मी वाढले, नाना, म्हणजे माझे वडील, तिथे शाळेत शिक्षक. आमच्या आळीत एकही मुलगी अशी नव्हती जिला लोहाच्या गोळ्या दिल्या नव्हत्या. मी त्या गोळ्या खाल्ल्या, बीट खाल्लं, खजूर खाल्ले, लोखंडी कढईतली भाजी खाल्ली. रक्त काही वाढलं नाही. आई म्हणायची, हिच्या अंगी लागतच नाही. नाना म्हणायचे, आमच्या घराण्यातल्या बायका अशाच, पांढुरक्या. हे ते जरा अभिमानानेच सांगायचे, आणि मीही तसंच ऐकायचे. पुढे इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, पण त्या गोळ्यांचा उपयोग का होत नाही हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. आमचं मूळ गाव सावद्याजवळ, आणि आत्या सावद्यातच दिलेली. भावाची मुलगी बहिणीने सून म्हणून मागायची, हे आमच्यात पूर्वापार चालत आलंय. लहान असताना लोक त्याच्या नावाने मला चिडवायचे आणि मी दगड उचलायचे. मग कधीतरी दगड उचलणं बंद झालं, हे सगळ्यात आधी आत्याच्याच लक्षात आलं. जीवशास्त्र शिकलेली मुलगी आतेभावाशी लग्न करते का, असं सरांनी तेव्हा तोंडावर विचारलं होतं. मी म्हणाले, सर, दोघंही धडधाकट आहोत. तो केळीचा घड खांद्यावर टाकून बांध चढतो, आणि मी तुमचं बोलणं ऐकून घेते, दोन्हीला ताकद लागते. सर हसले. विषय तिथेच मिटला.

दिवस राहिले तेव्हा नवरा सावद्याला बागेत आणि मी जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत. आत्या बोचकं घेऊन माझ्याकडे राहायला आली. ती सासू असली तरी माझ्यासाठी आत्याच, मी तिच्यावर चिडते, ती माझ्यावर चिडते, आणि जेवायला आम्ही एकाच ताटलीतला ठेचा घेतो. सरांना बातमी सांगितली तर त्यांनी सगळ्यात आधी माझ्या हातातली सुई काढून घेतली. म्हणाले, आता तुझं रक्त नको, तुला आणि बाळाला पुरू दे, कंट्रोल दुसऱ्या कुणाचं तरी घे.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मैत्रीण काम करते, शिंदखेड्याकडची, माझ्याच बरोबर लागलेली. तिने बोट पुढे केलं. तिच्या पेशी मी चिमट्यात धरल्या, ताणल्या, सोडल्या. त्या झटकन गोल झाल्या. फारच झटकन. माझ्या जुन्या सगळ्या मोजमापांत पेशी यापेक्षा सुस्त होत्या. मला वाटलं, हिच्याच रक्तात काही गडबड आहे. तिने पडद्याकडे बघितलं आणि अहिराणीत निकाल दिला, "तुनं मशीन बिघडेल शे."

मशीन बिघडलंय असं मग मलाही वाटलं, आणि सरांना काय सांगायचं या धास्तीने माझ्या तोंडचं पाणी पळालं. लेझर तपासला, खोलीचं तापमान तपासलं, खारं पाणी नव्याने बनवलं. बाहेर एप्रिलचं ऊन भाजत होतं, मशीनच्या खोलीत एसी लावलेला होता आणि मला घाम फुटला होता. पुन्हा तेच. शेवटी सरांपुढे उभी राहिले. ते ओरडतील म्हणून मी आधीच खाली मान घातली होती. त्यांनी बोट पुढे केलं आणि म्हणाले, माझं घे. सरांच्या पेशीही झटकन गोल झाल्या, मैत्रिणीच्या बरोबरीने.

मशीन बिघडलेलं नव्हतं.

मग सरांनी नको म्हटलेलं असतानाही मी स्वतःचा एक थेंब काचेवर पसरला आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इतक्या वर्षांत मी स्वतःच्या पेशी एकेक करून ताणल्या होत्या, सगळ्या मिळून कशा दिसतात ते नीट बघितलंच नव्हतं. त्या बारक्या होत्या, फिकट होत्या. कितीतरी पेशींत मधोमध एक गडद ठिपका, भोवती फिकं कडं, तिखट पुरी मधेच फुगावी तसा. असं चित्र मी पुस्तकात पाहिलेलं होतं आणि त्याच्याखाली काय लिहिलेलं असतं तेही मला पाठ होतं. मी स्टूलवरूनच सरांना हाक मारली. सरांनी येऊन डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, ग्राफचं नंतर बघू, आधी दवाखान्यात जा. सर ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दवाखान्यात रक्ताच्या डॉक्टरीणबाई मला ओळखत होत्या, सिकलसेलचे नमुने त्याच द्यायच्या. या वेळी नमुना माझा होता. रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला बसवलं. मला थॅलॅसेमिया मायनर आहे. म्हणजे मी आजारी नाही, वाहक आहे. आईबापांपैकी एकाकडून सदोष जनुक आलंय, म्हणून पेशी बारक्या आणि थोड्या ताठर, आणि म्हणून जन्मभर लोहाच्या गोळ्या वाया. तुला काही होणार नाही, त्या म्हणाल्या. आणि मग विचारलं, नवरा नात्यातला आहे का?

पुढचं त्यांनी सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्यांच्या लेकरांबद्दल हे गणित मी सेमिनारमध्ये फळ्यावर मांडलं होतं. नवराही वाहक असला, तर चारांत एक शक्यता की बाळाला पूर्ण आजार. असं लेकरू जन्मतः छान दिसतं, आणि मग काही महिन्यांत पांढरं पडत जातं. मग आयुष्यभर दुसऱ्याचं रक्त घेऊन जगायचं. नवऱ्याचं रक्त ताबडतोब तपासायला हवं, त्या म्हणाल्या. त्याच्यातही निघालं तर बाळाची तपासणी मुंबईला करावी लागेल, आणि मग निर्णय घ्यावा लागेल. निर्णय हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला. मी बाहेर आले. बाकावर आया बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी माझ्याकडे.

घरी आले तर तोंड उघडेना. पांढुरक्या बायकांचं घराणं नानांचं, म्हणजे हे तिथूनच आलेलं, आणि आत्या नानांची सख्खी बहीण. तिच्यातही असणार. तिच्या मुलातही असू शकतं. हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? ती माझ्यासाठी कुकरला बीट लावत होती. रात्री झोप नाही, दिवसा अन्न जात नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालं होतं. पोटातल्या बाळाची हालचाल अजून सुरू व्हायची होती, आणि मी त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं. जास्त माया लावली आणि निर्णय घ्यावा लागला तर? इतकी घाबरले होते मी.

एका सकाळी तिने बिटाची वाटी पुढे केली आणि मी ती ढकलून दिली. म्हटलं, आत्या, यानं काही होत नाही, कधीच झालं नाही. आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. रक्त, वाहक, नाना, तू, तुझा मुलगा, चारांत एक. लेकरू कसं पांढरं पडत जातं तेही सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, काहीतरीच तुमचं सायन्स. सांडलेलं बीट तिने फडक्याने पुसलं, फडकं धुतलं, पिळलं, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी मले एक पोरगी व्हती," ती म्हणाली.

हे मला कुणीही, कधीही सांगितलेलं नव्हतं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. पोरगी जन्मली तेव्हा गुटगुटीत होती. रांगायच्या सुमाराला तिचे ओठ पांढरे व्हायला लागले, मग तळवे. हातपाय काड्या आणि पोट तेवढं टम्म. वैद्याकडे नेली, भुसावळच्या डॉक्टरांकडे नेली, मुक्ताईनगरला नेऊन मुक्ताईच्या पायांवर घातली. एकदा डॉक्टरांनी रक्त चढवलं तर गालांवर लाली आली, आत्याला वाटलं पोर वाचली. महिनाभरात पुन्हा पांढरी. उभं राहायच्या आतच ती गेली. आत्याच्या सासूने निदान केलं की हिचं दूधच खराब, पोरीला ते बाधलं. माझा नवरा झाला तेव्हा त्याला आत्याच्या अंगावर घेऊच दिलं नाही. गाईच्या दुधावर वाढवला. आत्या शेजारच्या खोलीत पदर ओला करत बसायची आणि तो रडत असायचा.

आत्या हे सांगत होती आणि माझ्या डोक्यात गणित फिरायला लागलं होतं. थांबवता येईना. पोरीला पूर्ण आजार असेल, तर आत्या वाहक आणि मामा, म्हणजे माझे सासरे, तेही वाहक. मग त्यांच्या धडधाकट मुलात हे असण्याची शक्यता आता अर्धी नव्हती. तिनांत दोन झाली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की ओझं उतरेल, आणि ते दुप्पट झालं.

नवऱ्याला फोन केला तेव्हा बागेत कटाई चालू होती, ट्रक उभा होता. तो तसाच निघून आला, शर्टावर केळीचे काळे डाग घेऊन. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने एकच विचारलं, "कंदातून रोग येतो, तसं?" जुन्या बागेतला कंद काढून नवीन जागी लावला तर रोगही त्याच्याबरोबर येतो, वरून कंद कितीही टणक दिसो. मी म्हटलं, हो, तसंच. मग आम्ही थेट दवाखान्यात गेलो. घड पेलणारा माणूस, पण रक्त काढताना त्याने तोंड भिंतीकडे केलं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले.

रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते. ते दिवस कसे गेले ते मी नीट सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत जायचे आणि चुकीच्या बाटल्या उघडायचे. मैत्रिणीने मला मशीनपासून लांब बसवलं. इतकं शिकलेली मी, पण मांजर आडवं गेलं तर थांबायला लागले. दवाखान्याच्या रस्त्याने जाणं टाळायला लागले. आत्याने या काळात मला एकही धीराचा शब्द दिला नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं. ती नुसती जवळ बसायची. बीट मात्र पुन्हा घरात आणलं नाही.

बोलावणं आलं तेव्हा आम्ही तिघंही गेलो. आत डॉक्टरीणबाई दुसऱ्या रुग्णापाशी होत्या, म्हणून बाहेर बसायला सांगितलं. बाक तोच. आत्या मध्ये, आम्ही दोघं दोन्हीकडे. आमच्या शेजारी एक बाई मांडीवर मुलगी घेऊन बसली होती, मुलीच्या हाताला पट्टी. आत्याने त्या मुलीचा तळवा हळूच उघडून बघितला आणि पुन्हा मिटून ठेवला. माझे दात वाजत होते. भर उन्हाळ्यात, जळगावात.

डॉक्टरीणबाईंनी दारातूनच सांगितलं, बहुतेक आमचे चेहरे बघवले नाहीत म्हणून. नवऱ्याचं रक्त साफ आहे. त्याच्यात तो दोष उतरलेला नाही. बाळ फार तर माझ्यासारखं वाहक होईल, किंवा तेही नाही. मुंबईला जायची गरज नाही.

नवरा बाहेर जाऊन येतो असं हाताने खुणावून निघून गेला, आणि काचेतून मला दिसलं की तो गाडीच्या सीटवर डोकं टेकून उभा आहे. मी रडले की हसले ते मला आठवत नाही. पोटावर हात ठेवला एवढं आठवतं. कित्येक दिवसांनी ठेवला. मग उठले आणि आत्याला म्हटलं, चल.

आत्या उठली नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही, की काही चुकीचं कळलं. मी तिच्यापुढे खाली बसले आणि परत सांगितलं, आत्या, सगळं चांगलं आहे, बाळ चांगलं आहे.

"ते कळलं मले," ती म्हणाली. मग तिने आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकत नाही ना ते बघून घेतलं, आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "मंग माझं दूध चांगलं व्हतं?"

त्या लेकराचं रक्त आता कुठेच नव्हतं. काचेवर ठेवून खात्री करता येईल असं काही उरलेलं नव्हतं, आणि खात्रीशिवाय बोलायचं नाही हे मला इतकी वर्षं शिकवलेलं. पण ओठ, तळवे, पोट, रक्त चढवल्यावर आलेली लाली. आणि तसं नसतं तरी दूध हे कारण नव्हतंच, नसतंच.

"चांगलं होतं, आत्या," मी म्हटलं. "दुधाचा काही संबंध नव्हता. कधीच नव्हता."

तिने मान हलवली. रडली नाही. तेवढ्यात नवरा आत आला, डोळे पुसलेले, आणि म्हणाला, चला, आता काय बसून राहता. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, एवढ्या मोठ्या दांडग्या माणसाकडे, आणि त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाली,

"याले तरी पाजू द्यायचं व्हतं मले."

त्याने मला विचारलं, आई काय म्हणते. मी म्हटलं, काही नाही, उन्हात फार वेळ उभा होतास, पाणी पी म्हणते. आत्याने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या हातात दिली. तो उभ्याने घटाघट प्यायला लागला, आणि बाटली रिकामी होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.